खिळा मारण्याआधी

जुनी लाकडी खुर्ची करकरायला लागली, की बहुतेक घरांत पुढचे प्रकार ठरल्यासारखे घडतात. आधी काही महिने कुणी लक्ष देत नाही. मग पाहुण्यांना त्या खुर्चीवर बसू दिलं जात नाही. मग कुणीतरी फटीत फेविकॉल ओततं, आणि तेही सुटलं की बाजूने दोन इंची खिळा ठोकला जातो. खिळ्यामुळे खुर्ची काही आठवडे घट्ट वाटते. नंतर ती आधीपेक्षा जास्त हलू लागते, खिळ्याच्या रेषेत पायाला उभी चीर जाते आणि खुर्ची माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे पोचते. सागवान आणि शिसवाचं कितीतरी उत्तम सामान आपण असं गमावलं आहे. त्या लाकडाला वाळवी लागली नव्हती, ते कुजलंही नव्हतं. त्याचा फक्त सांधा सुटला होता.

सुटलेला सांधा हे लाकडी सामानाचं सगळ्यांत सहज बरं होणारं दुखणं आहे. त्यासाठी महागडी हत्यारं लागत नाहीत. थोडा संयम लागतो आणि दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्या लागतात. पहिली, सांधा उघडून साफ केल्याशिवाय तो नीट जोडता येत नाही. दुसरी, आपण जोडलेला सांधाही कधीतरी सुटणार आहे, म्हणून तो पुढच्या माणसाला उघडता येईल असाच जोडावा.

सांधा कशाच्या बळावर उभा असतो

जुन्या खुर्चीत, टेबलात, पलंगात बहुतेक ठिकाणी एकाच तऱ्हेची जोडणी दिसते. आडव्या पट्टीच्या टोकाला चपटी जीभ कोरलेली असते. हे कुसू. ते उभ्या पायात पाडलेल्या चौकोनी भोकात बसतं. कुसवाच्या मुळाशी पट्टीचा जो भाग पायाला बाहेरून टेकतो, तो खांदा. कुसू ओढ सहन करतं आणि खांदा सांध्याला वाकू देत नाही.

आता गोंद कुठे धरतो ते पाहू. लाकूड म्हणजे लांबच लांब, बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी असं समजा. या नळ्यांच्या बाजूंना गोंद उत्तम धरतो. नळ्यांच्या कापलेल्या तोंडांवर मात्र तो आत शोषला जातो आणि पकड कच्ची राहते. भोकाच्या चार भिंतींपैकी दोन लांब भिंतींवर कुसवाचे रुंद गाल टेकतात, तिथे बाजूला बाजू मिळते. वरच्या आणि खालच्या आखूड भिंतींवर पायाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथे लावलेला गोंद जवळपास निरुपयोगी असतो. म्हणजे सांध्याची सगळी भिस्त त्या दोन गालांवर असते.

खुर्चीच्या पायांमधल्या गोल दांड्यांची स्थिती आणखी नाजूक असते. गोल भोकात गोल टोक बसवल्यावर बाजूला बाजू मिळते ती समोरासमोरच्या दोन अरुंद पट्ट्यांमध्येच. म्हणून जुन्या खुर्चीत आधी या दांड्या गरगर फिरायला लागतात आणि त्यानंतर बाकीच्या सांध्यांवरचा भार वाढतो.

सगळ्यांत जास्त ताण येतो तो मागचा पाय आणि बैठकीची बाजूची पट्टी यांच्या सांध्यावर. समजा, रेलून बसणारा माणूस पाठीच्या वरच्या कडेवर २० किलोचा जोर देतो आणि ती कड बैठकीपासून ४५ सेंटिमीटर उंच आहे. हा जोर डाव्या-उजव्या दोन सांध्यांत वाटला जातो. सांध्याची उभी रुंदी ५ सेंटिमीटर असेल, तर तरफेच्या हिशेबाने प्रत्येक सांध्याच्या वरच्या कडेला सुमारे ९० किलोची ओढ आणि खालच्या कडेला तेवढाच दाब बसतो. खाली दांड्या असतील आणि त्या घट्ट असतील, तर त्यातला बराच भार त्या उचलतात. खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवली तर हाच जोर कितीतरी वाढतो. मुलांना झुलू नका म्हणून सांगणारी आजी पडण्याच्या भीतीने बोलत असेल, पण ती खुर्चीचा सांधाही वाचवत असते.

सांधा सुटतो का

माणसांच्या वजनापेक्षा हवेतला ओलावा सांध्याला जास्त छळतो. झाड तोडून कितीही वर्षं झाली असली, तरी लाकूड हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. मुंबईत आणि कोकणात भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. सोलापूर-नागपूरकडे एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. ८० टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १५-१६ टक्के पाणी असतं. ३० टक्के आर्द्रतेत ते ६ टक्क्यांच्या आसपास येतं.

पाणी घेतल्यावर लाकूड फुगतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ बदलतच नाही. रुंदीत मात्र चांगलंच बदलतं. ओलं सागवान पूर्ण सुकवलं तर ते वाढीच्या वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आणि त्याला काटकोनात २.५ टक्के आकसतं. सागवान हे तुलनेने शांत लाकूड आहे आणि त्याचा लौकिक बऱ्याच अंशी त्यावरच उभा आहे. तरीही ७५ मिलिमीटर रुंदीच्या सागवानी पट्टीतल्या पाण्यात पावसाळा ते उन्हाळा ८ टक्क्यांचा फरक पडला, तर तिची रुंदी सव्वा मिलिमीटरपर्यंत बदलू शकते.

सांध्यातली मूळ अडचण इथे आहे. कुसवाची रुंदी पायाच्या लांबीच्या दिशेला असते. कुसू दरवर्षी फुगतं आणि आकसतं, पण ज्या भिंतीला ते चिकटलेलं आहे ती त्या दिशेने हलत नाही. मधल्या गोंदाच्या पातळ थराला ही ओढाताण वर्षानुवर्षं सोसावी लागते. हुशार सुतार फार रुंद कुसू करत नाहीत, रुंद पट्टी असेल तर एकाऐवजी दोन लहान कुसवं काढतात, ते याच कारणाने.

दुसरं कारण कमी माहीत असलेलं आहे. पावसाळ्यात फुगणाऱ्या कुसवाला भोकात पसरायला जागा नसते, म्हणून त्याच्या पेशी आतल्या आत चेपल्या जातात. आडव्या दिशेने लाकूड साधारण एक टक्का दाबलं गेलं तर पूर्ववत होतं. त्याहून जास्त दाबलं गेलं की ते कायमचं चेपतं. मग उन्हाळ्यात आकसताना ते मूळ मापापेक्षा बारीक होतं. अमेरिकेतले लाकूडशास्त्रज्ञ ब्रूस होडली यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे फार स्पष्ट मांडलं आहे. आपल्याकडे सैल झालेला कुदळीचा किंवा हातोड्याचा दांडा पाण्यात भिजत ठेवायची पद्धत आहे. भिजल्यावर तो लगेच घट्ट होतो, पण सुकल्यावर आधीपेक्षा सैल होतो, त्यामागे हीच चेपलेली पेशी असते. म्हणून खुर्चीचे सैल पाय भिजवून घट्ट करण्याच्या मोहात कधीही पडू नये.

गोंद आणि ओलावा यांच्या या भांडणातून काही लोकांनी वेगळी वाट काढली. व्हिएन्नाचे मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची ‘क्रमांक १४’ ही खुर्ची आणली. ती सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांत उभी राहायची आणि सुटी करून पेटीत भरून दूरवर पाठवता यायची. मुंबईतल्या इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. अशी खुर्ची हलायला लागली तर गोंद शोधू नका. आधी बैठकीखालचे स्क्रू तपासा आणि ते हाताने आवळा.

आत काय आहे: सरस की फेविकॉल?

दुरुस्तीचा निम्मा निर्णय जुना गोंद ओळखण्यावर अवलंबून असतो. हजारो वर्षं सुतारांचा मुख्य गोंद होता, जनावरांचं कातडं आणि हाडं उकळून काढलेला सरस. इजिप्तमधल्या थीब्झ इथे रेखमिरे या वजिराच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातल्या भित्तिचित्रांत सुतारकाम करणाऱ्यांजवळ विस्तवावरचं सरसाचं भांडं दाखवलेलं आहे. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुताराच्या कामाच्या जागी सरस शिजत असे. त्याला वास येई, तो दर वेळी गरम करावा लागे आणि थंड व्हायच्या आत हात चालवावा लागे.

पॉलिव्हिनाइल अॅसिटेट हे रसायन जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ मध्ये शोधलं होतं. त्यावर आधारलेला पांढरा, न शिजवता वापरता येणारा गोंद १९५९ साली बळवंत पारेख यांनी फेविकॉल या नावाने आणला आणि काही दशकांतच सरसाची भांडी विस्तवावरून उतरली. त्यामुळे ढोबळ अंदाज असा बांधता येतो, की सामान १९६० च्या आधीचं असेल आणि मध्ये कुणी हात लावला नसेल, तर आत सरस आहे.

अंदाजाची खात्री करायला सोपी कसोटी आहे. सांध्यातून गोंदाचा कण खरवडून काढा. सरस तपकिरी, मधासारख्या रंगाचा आणि ठिसूळ असतो, काचेसारखा तुटतो. त्यावर कोमट पाण्याचा थेंब टाकून थांबलं की तो बोटाला चिकटतो आणि जनावराचा वास येतो. फेविकॉलसारखा गोंद पारदर्शक किंवा पिवळसर असतो, पाण्याने पांढुरका होतो आणि रबरासारखा लवतो. पाण्याने काहीच न होणारा, नखाला दाद न देणारा कठीण थर दिसला, तर पूर्वी कुणीतरी अॅराल्डाइटसारखा इपॉक्सी वापरला आहे असं समजावं.

या तिन्हींच्या स्वभावातला मुख्य फरक दुरुस्तीच्या वेळी कळतो. सरस गरम पाण्याने पुन्हा विरघळतो आणि नवा सरस जुन्याशी एकजीव होतो. फेविकॉल एकदा सुकला की त्याच्या थरावर नवा फेविकॉल नीट धरत नाही. फटीत ओतलेला गोंद टिकत नाही याचं खरं कारण हेच. त्याला लाकूड भेटतच नाही, फक्त जुन्या गोंदाचा गुळगुळीत थर भेटतो. शिवाय या पांढऱ्या गोंदात साधारण अर्धं पाणी असतं. ते उडून गेल्यावर तो आकसतो आणि मोठी फट भरून काढू शकत नाही. इपॉक्सी फट भरतो, पण त्याचा सांधा पुन्हा उघडायचा तर बहुतेक वेळा लाकूडच फाटतं.

उघडणं

सुरुवात तपासणीने करा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवा, एका हाताने बैठक धरा आणि दुसऱ्या हाताने एकेक पाय, एकेक दांडी हलवून पाहा. प्रत्येक सैल सांध्याजवळ कागदी टेपचा तुकडा चिकटवा. लाकडाच्या बारीक भोकांतून ताजी पूड पडत असेल, तर आधी किडीचा बंदोबस्त करा. पोखरलेल्या लाकडात कुठलाही गोंद टिकत नाही.

पुढे लोखंड शोधा. पूर्वीच्या दुरुस्तीतले खिळे पुट्टी आणि पॉलिशखाली लपलेले असतात. लहान चुंबक फिरवला की ते सापडतात. खिळा राहिला असताना सांधा ठोकून काढायला गेलात, तर कुसू हमखास चिरतं. काही सांध्यांत गोंदाबरोबर लाकडी खिळाही असतो. पायाच्या पृष्ठभागावर त्याचं गोल किंवा चौकोनी टोक दिसतं. तो मागून हलकेच ठोकून काढावा, आणि आरपार नसेल तर गिरमिटाने मधून पोखरून काढावा.

सुटे करण्याआधी प्रत्येक भागावर खूण करा. चारही पाय दिसायला सारखे असतात, पण हातांनी केलेल्या कामात प्रत्येक कुसू त्याच्याच भोकासाठी घासलेलं असतं. दोन्ही बाजूंना पेन्सिलीने जुळते आकडे लिहा आणि मोबाइलवर चहूबाजूंनी छायाचित्रं काढा.

मग सांधा ठोकायचा, पण लोखंडी हातोडीने थेट कधीच नाही. लाकडी मोगरी घ्या, पायाला लागून मऊ लाकडाचा ठोकळा आणि मध्ये कापड धरा, आणि सांध्याच्या शक्य तितकं जवळ, कुसवाच्या सरळ रेषेत हलके ठोके द्या. तिरका ठोका बसला की कुसू मोडतं. अर्धवट सुटलेला सांधा अडून बसला, तर जोर वाढवू नका, गोंद मऊ करा. सरस असेल तर सिरिंजने सांध्यात थोडं गरम पाणी सोडा आणि वाट पाहा. फेविकॉल असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने सांधा तापवा आणि कोमट व्हिनेगर सोडा. उष्णतेने हा गोंद मऊ पडतो. सरसावर स्पिरिटही चालतं. ते सरसातलं पाणी ओढून घेतं आणि तो ठिसूळ होऊन तडकतो.

इथे पॉलिशचं भान ठेवायला हवं. जुन्या सामानाला बहुतेक वेळा चपडीचं पॉलिश असतं. ते स्पिरिटमध्ये विरघळतं आणि गरम पाण्याने पांढरं पडतं. म्हणून थेंब बाहेर आला की लगेच पुसा आणि आधी बैठकीच्या खालच्या बाजूला प्रयोग करून पाहा. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे ते वापरताना जवळ उष्णतेचं कुठलंही साधन नको.

आणखी एक गोष्ट. जे सांधे अजून पक्के आहेत ते उघडू नका. काही वेळा दोन पक्क्या सांध्यांमधली एक सैल दांडी काढण्यासाठी बाकीचा सांगाडा थोडा फाकवावा लागतो, तेवढंच करावं.

साफ करणं आणि मापात आणणं

सुटा झालेला सांधा हातात आला, की खरं काम सुरू होतं. कुसवावरचा आणि भोकातला सगळा जुना गोंद निघायला हवा, पण लाकूड अजिबात निघता कामा नये. इथे काचपेपरचा मोह टाळावा. काचपेपर गोंदाबरोबर लाकूडही खातो, कडा गोल करतो आणि आधीच सैल असलेला सांधा आणखी सैल करतो. सरस असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं कुसवाला गुंडाळून ठेवावं, मग जुन्या दाताच्या ब्रशने घासावं. फेविकॉल असेल तर कोमट व्हिनेगरचं फडकं ठेवून बोथट पटाशीने हलकेच खरवडावं. भोकासाठी अरुंद किकरं किंवा टोक चपटं केलेली बांबूची काडी उपयोगी पडते. ओलं झालेलं लाकूड पुन्हा जोडण्याआधी एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावं.

आता कोरडी जुळवणी करून पाहा. हाताच्या दाबाने कुसू आत सरकलं आणि उलटं धरल्यावर स्वतःहून गळून पडलं नाही, तर माप बरोबर आहे. गोंदाला हवी असते ती कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी फट. त्याहून मोठी फट असेल तर ती गोंदाने नव्हे, लाकडानेच भरायची.

चपट्या कुसवासाठी त्याच जातीच्या लाकडाची रंध्यातून काढलेली पातळ ढलपी घ्या आणि तिचे रेषे कुसवाच्या रेष्यांच्या दिशेने ठेवून गालावर चिकटवा. सुकल्यावर पटाशीने हळूहळू छिलून ती मापात आणा. सैलपणा एका बाजूने असेल तर दोन्ही गालांवर ढलप्या लावू नका, नाहीतर पट्टी सरकते आणि खांदा पायाला नीट टेकत नाही. गोल दांडीच्या टोकाला अशीच ढलपी गुंडाळता येते.

दुसरा उपाय पाचरीचा. कुसवाच्या टोकाला करवतीने खाच पाडून त्यात पातळ पाचर अडकवतात. कुसू भोकात ठोकलं की पाचर भोकाच्या तळाला टेकते, खाचेत शिरते आणि कुसू आतून फुलतं. यात दिशेची काळजी घ्यावी लागते. कुसवाचा फुलोरा पायाच्या लांबीच्या दिशेने झाला पाहिजे. तो आडव्या दिशेने झाला तर पाय उभा फाटतो. पाचरीचा सांधा फार मजबूत होतो, पण तो पुन्हा उघडणं जवळपास अशक्य असतं. म्हणून तो शेवटचा उपाय मानावा.

कुसू मोडलेलंच असेल, तर मुळाशी सपाट कापून पट्टीच्या टोकात खोल खाच काढतात आणि त्यात नव्या लाकडाचं कुसू बसवतात. हे काम अनुभवी सुताराकडून करून घ्यावं. त्याला एवढंच ठामपणे सांगावं, की खिळा नको आणि लोखंडी पट्टीही नको. लोखंडाभोवती ओलावा धरला की ते गंजतं, बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात काळे डाग उमटतात, आणि लाकूड फुगताना-आकसताना ते खिळ्याभोवती दरवर्षी थोडं थोडं चेपत जातं.

जोडणं आणि आवळणं

गोंद कोणता घ्यावा? सामान जुनं असेल, आत सरस असेल आणि ते पुढच्या पिढ्यांकडे जावं असं वाटत असेल, तर सरसच उत्तम. सरसाचे दाणे किंवा तुकडे रात्रभर थंड पाण्यात भिजवायचे. सकाळी ते फुगलेले दिसतात. मग त्यांचं भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं. थेट विस्तवावर ठेवला किंवा उकळला तर सरसाचं बळ कमी होतं. ब्रश उचलल्यावर पातळ, सलग धार पडली पाहिजे. सरस थंड होताच गोठू लागतो, म्हणून लाकूडही थोडं गरम करून घ्यावं आणि एका वेळी एकच जोड पुरा करावा. उरलेला सरस फार दिवस ठेवू नये, त्याला बुरशी धरते.

ज्यांना प्राणिजन्य पदार्थ घरात नको असतो, किंवा ज्यांचं सामान रोजच्या वापरातलं आहे, त्यांनी निःसंकोच पांढरा गोंद वापरावा. नीट साफ केलेल्या, मापात बसलेल्या सांध्यात तो लाकडापेक्षाही भक्कम पकड देतो. उष्णतेने आणि ओलाव्याने तो मऊ होत असल्यामुळे पुढे सांधा उघडताही येतो. इपॉक्सी मात्र राखून ठेवावा. लाकूड झिजून भोक वेडंवाकडं झालं असेल आणि ढलपी बसवायलाही सपाट जागा उरली नसेल, तेव्हाच त्याचा विचार करावा. त्यातही आधी दोन्ही पृष्ठभागांना सरसाचा पातळ थर देऊन तो सुकू द्यावा आणि मग इपॉक्सी लावावा, म्हणजे भविष्यात गरम पाण्याने तो सरसाचा थर सुटू शकतो. जुन्या वस्तूंचं जतन करणारे तज्ज्ञ असा मधला थर देतात.

गोंद कुसवाच्या दोन्ही गालांना आणि भोकाच्या दोन्ही लांब भिंतींना लावा. भोकाच्या तळाशी गोंदाचं तळं साचू देऊ नका. कुसू आत जाताना त्या गोंदाला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि त्याच्या दाबाने पाय फुटू शकतो. खांद्यावर गोंद नको.

आवळण्यासाठी लांब क्लॅम्प असतील तर उत्तम. ते नसले तरी अडत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापा आणि ताणून चारही पायांभोवती गुंडाळा. वाकड्या आकारांवर त्या लोखंडी क्लॅम्पपेक्षा चांगल्या बसतात आणि पॉलिशवर वण उठत नाहीत. सुती दोरीचे दोन फेरे घालून मधे काडी अडकवून पीळ देण्याची जुनी युक्तीही तितकीच चांगली. दोरीखाली कापडाच्या घड्या घालायला विसरू नका. दाब एवढाच हवा, की खांदा पायाला टेकेल आणि कडेने गोंदाचे बारीक मणी दिसतील. ते ओल्या फडक्याने तेव्हाच पुसावे.

आता गोंद ओला असतानाच दोन मापं घ्या. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का पाहा. मग पुढच्या दोन पायांमध्ये आणि मागच्या दोन पायांमध्ये कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरीने कर्ण मोजा. समोरासमोरच्या दोन बाजू सारख्या असतील तेव्हा दोन्ही कर्ण सारखे हवेत. लांब कर्णावर थोडा जास्त पीळ दिला की सांगाडा गुण्यात येतो. हे दोन मिनिटांचं काम राहिलं, तर पुढे पाय घासत बसावं लागतं. गोंद काही तासांत धरतो, पण किमान २४ तास खुर्चीवर कुणी बसू नये. पावसाळी हवेत आणखी एक दिवस द्यावा.

कधी थांबावं आणि कधी करावं

काही सामान सुटं करता येत नाही. काही ठिकाणी सांधा उघडला तर वरचं पातळ लाकडी आवरण किंवा जडावकाम उखडतं. अशा वेळी आतला गोंद सरस असेल, तर न दिसणाऱ्या बाजूने बारीक भोक पाडून सिरिंजने गरम, पातळ सरस आत सोडता येतो. तो जुन्या सरसाला पुन्हा जिवंत करतो. हा गुण फेविकॉलमध्ये किंवा इपॉक्सीत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत दिसतात तशी पोर्तुगीज काळातली कोरीव शिसवी कपाटं आणि खुर्च्या, किंवा जडावाचं जुनं काम असेल, तर घरी प्रयोग न करता जतनाचं काम करणाऱ्या जाणकाराकडे जावं.

वेताने विणलेल्या खुर्च्यांत क्रम महत्त्वाचा आहे. विणकाम करताना वेत ओला असतो. सुकल्यावर तो ताणला जातो आणि बैठकीच्या चारही पट्ट्यांना आत ओढतो. सैल सांगाड्यावर नवा वेत विणला तर सांधे वाकडे होऊन बसतात. आधी सांधे, मग वेत.

ऋतूही नीट निवडावा. भर पावसाळ्यात कुसू फुगलेलं असतं. तेव्हा ते छिलून बसवलं तर मार्चमध्ये पुन्हा सैल होतं. भर उन्हाळ्यात आकसलेल्या कुसवावर ढलपी चढवून ते घट्ट बसवलं, तर पावसाळ्यात त्याच्या पेशी चेपतात. लाकूड मधल्या स्थितीत असतं ते दिवाळीनंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत. सांध्याच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्रात हा काळ सगळ्यांत चांगला.

काम पुरं झालं की बैठकीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवा: कोणता सांधा जोडला, कोणता गोंद वापरला आणि कोणत्या वर्षी. चांगलं सागवान दोन-तीन पिढ्या सहज चालतं, गोंद तेवढा चालत नाही. म्हणजे ही खुर्ची पुढे कुणाला तरी पुन्हा उघडावी लागणार. त्या माणसाला गोंद खरवडून ओळखत बसावं लागणार नाही, कुठे गरम पाणी सोडायचं आणि कुठे व्हिनेगर हे त्याला आधीच कळेल, आणि त्याचा हात खिळ्याकडे जाणार नाही.